सर, देऊ का?

आम्ही जुन्या सिस्टर्स कुठल्या लग्नात किंवा बारशाला भेटलो, की आमच्या टेबलावरचं जेवण हमखास गार होतं. शेजारच्या टेबलावर पाहुणे साड्यांबद्दल बोलत असतात आणि इकडे आम्ही कोणाचं हृदय कसं बंद पडलं आणि कसं चालू झालं, यावर खदाखदा हसत असतो. लोक वळूनवळून बघतात. आमच्या ह्यांनी एकदा कानात सांगितलं, "मंगल, जरा हळू. शेजारच्यांनी हातातली पुरी खाली ठेवली."

आता काय करणार! कॅज्युअल्टीत नोकरी केली की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते स्ट्रेचरवरून स्वतःच आत येतात. घरी सांगायची सोय नसते, कारण घरच्यांना रात्री झोप लागत नाही. मग ते पोटात साठत जातात, आणि आमच्यासारखी दुसरी कोणी भेटली की एकामागून एक बाहेर पडतात.

आमचं हॉस्पिटल उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. हॉस्पिटल छोटंसं, खाली कॅज्युअल्टी, वर वॉर्ड आणि त्याच्या वर मालकांचं घर. मालक म्हणजे हरेश सर. सिंधी माणूस, हृदयाचे डॉक्टर, देहाने गोलमटोल. मराठी बोलायला सुरुवात करायचे आणि हिंदीत संपवायचे. मनाने अगदी लोणी, पण एकदा 'नाही' म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी 'हो' करवून घेऊ शकत नसे.

आमच्या इन्चार्ज लीला सिस्टर. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून यायच्या. उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच, पण आवाज असा की वरच्या मजल्यावरचा पेशंटही उठून बसायचा. आणि मी अंबरनाथची, शिवमंदिराच्या बाजूची. कॅज्युअल्टीत एक मॉनिटर होता, ज्याच्यावर हृदयाची रेघ दिसते, आणि एक शॉक द्यायचं मशीन. बस, एवढ्यावर आमचं राज्य चालायचं.

* * *

पहिला किस्सा कुंदाचाच सांगायला पाहिजे.

कुंदा वांगणीची. नुकतीच पास होऊन आलेली, पोरगी एकदम सरळ. एखादी गोष्ट सांगितली की सांगितली तशीच करणार, त्यात काना-मात्रेचा फरक नाही. पहिल्याच दिवशी लीला सिस्टरनी तिला मॉनिटरसमोर उभं केलं आणि बजावलं, "सरळ रेघ आली, म्हणजे हृदय थांबलं. ओरडायचं आणि छाती दाबायला लागायचं."

दुपारी तिच्याच गावाकडचे एक बाबा आले. छातीत दुखत होतं, म्हणून घरच्यांनी आधी छातीला लसणाचं तेल चोळचोळ चोळलं होतं. सगळी कॅज्युअल्टी फोडणीसारखी वासाने भरून गेली! आम्ही पुसलं, मॉनिटरच्या पट्ट्या चिकटवल्या, ईसीजी बघितला. विशेष काही नव्हतं. बाबांना बसवून चहा दिला आणि कुंदाला लक्ष ठेवायला सांगितलं.

थोड्या वेळाने किंकाळी आली, "सिस्टर! सरळ रेघ!"

आम्ही धावलो. बघतो तर कुंदा पलंगावर चढलेली, दोन्ही हात बाबांच्या छातीवर टेकवलेले, आणि बाबा कप डोक्याच्या वर धरून ओरडताहेत, "अगो पोरी, थांब ना! माजा चाय सांडंल!"

तेलावरून पट्ट्या घसरून खाली पडल्या होत्या. लीला सिस्टरनी कुंदाला दंडाला धरून खाली उतरवलं आणि म्हणाल्या, "आधी पेशंट बघायचा. टीव्ही नंतर!"

* * *

कुंदाने हेही डोक्यात पक्कं बसवलं. आधी पेशंट बघायचा.

पुढच्याच आठवड्यात बदलापूरचे एक काका ॲडमिट होते. मॉनिटर किंचाळायला लागला. कुंदाने बघितलं तर रेघेच्या जागी मोठमोठे डोंगर, एकाला एक लागून. अशी रेघ आली की घाबरायचंच असतं, कारण त्यात हृदय भलतीकडूनच धावत सुटतं आणि कधीही कोलमडतं. पण आमची कुंदा शहाणी! तिने आधी पेशंट बघितला. पेशंटचे डोळे मिटलेले आणि मान झटके देतेय!

झालं. तिने वरच्या मजल्यावर फोन लावला. सर नाश्त्याला बसले होते. हातात पकवानाचा, म्हणजे त्या सिंधी कडक पुरीचा, तुकडा तसाच घेऊन माणूस जिने उतरत धावत आला. मागून मी मशीन ढकलत आणलं. सरांनी काकांचा हात धरला, तर नाडी घड्याळासारखी ठीक.

काकांनी डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "काय हो, समेवर येत होतो ना मी!"

काका भजनी मंडळात तबला वाजवायचे. पडल्यापडल्या मनातल्या मनात भजन चालू होतं आणि बोटं छातीवरच्या पट्ट्यांवर ठेका धरत होती. प्रत्येक थापेला स्क्रीनवर एक डोंगर!

आम्ही हसून हसून बेजार. सर मात्र भिंतीला टेकून उभे होते. कपाळावर घाम, एक हात छातीवर, श्वास लागलेला.

लीला सिस्टर म्हणाल्या, "सर, खाली आलाच आहात तर तुमचाही ईसीजी काढू का?"

"मेरा?" सर उखडले. "मी डॉक्टर आहे, सिस्टर!" आणि उरलेला पकवान तोंडात टाकून जिना चढायला लागले.

* * *

बदलापूरचीच एक बँकेतली मुलगी वरचेवर यायची. अधूनमधून तिचं हृदय उगाच पळत सुटायचं, नाडी मोजायला जावं तर बोटाखाली नुसती थरथर. जीवाला लगेच धोका नसतो, पण माणूस भेदरून जातो. अशा वेळी इंजेक्शनच्या आधी एक साधा उपाय करतात. रिकामी सिरिंज तोंडात धरून जोरात फुंकायला लावायचं, इतकं की आतला दट्ट्या सरकला पाहिजे. त्या जोराने मानेतली एक नस हृदयाला दटावते आणि ते बऱ्याचदा वळणावर येतं.

त्या दिवशी तिच्याबरोबर नवरा आला होता. नवीनच लग्न. बिचारा बायकोचा हात सोडत नव्हता. लीला सिस्टरनी सिरिंज दिली आणि त्यांच्या आवाजात सुरू झाल्या, "फुंक! अजून! पोटातून जोर लाव! थांबू नको!"

मुलगी फुंकतेय. तिच्या बाजूला नवराही गाल फुगवून, लालबुंद होऊन फुंकतोय, सिरिंज नसताना! मी मॉनिटर बघत होते. पळणारी रेघ एकदम अडखळली, क्षणभर थांबली आणि मग शहाण्या मुलीसारखी टुकटुक चालायला लागली.

मी आनंदाने "आली!" म्हणून ओरडले आणि मागे धप्प असा आवाज झाला. नवरा जमिनीवर!

मुलीने वाकून त्याच्याकडे बघितलं. मग शांतपणे पट्ट्या सांभाळत पाय खाली सोडले आणि म्हणाली, "सिस्टर, मी उठते. ह्यांना झोपवा."

* * *

लोडशेडिंगचे ते दिवस तुम्हालाही आठवत असतील. आमच्या जनरेटरला जाग यायला वेळ लागायचा आणि मॉनिटरची बॅटरी तर कधीच बसली होती.

एक सिंधी शेठ ॲडमिट होते. हृदय फार सावकाश चालायचं, म्हणून पेसमेकर बसवायला ठाण्याला पाठवायचं ठरलं होतं. त्यांची बायको दिवसभर स्टुलावर बसून मॉनिटरकडे डोळे लावून असायची. तिने मनाशी धरलं होतं की त्या हिरव्या रेघेवरून आपण नजर काढली की संपलं.

भर दुपारी लाइट गेली. स्क्रीन काळी ठिक्कर. शेठाणीने असा हंबरडा फोडला की ओपीडीतली माणसं आत धावली. ती छाती बडवतेय, नातेवाईक एकमेकांच्या गळ्यात पडलेत आणि मी "अहो, लाइट! लाइट गेलीय!" म्हणून ओरडतेय, पण ऐकतंय कोण?

शेवटी शेठच कोपरावर उठून बसले. वर बोट दाखवत म्हणाले, "भागवान, वो पंखा भी बंद हुआ है. उसके लिए कौन रोएगा?"

* * *

आता एक किस्सा सांगते, तो हसण्यातला नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या हॉस्पिटलात सरांचा एक नियम होता. शॉक फक्त डॉक्टरनेच द्यायचा. सिस्टरनी मशीन आणायचं, जेल लावायचं, तयार ठेवायचं. बटण मात्र सरच दाबणार. "उद्या काही झालं तर बाहेर पाटी माझ्या नावाची आहे," असं म्हणायचे. त्या वेळी सगळीकडेच साधारण तसं होतं, त्यामुळे आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

शिवमंदिराबाहेर बबनराव फुलं आणि बेल विकायचे. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. एका सकाळी बायकोला घेऊन स्वतःच्या पायाने चालत आले. "मंगलताई, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय." ईसीजी काढला, हार्ट अटॅक दिसत होता. सर कल्याणला पेशंट बघायला गेले होते. दुसरे डॉक्टर नोकरी सोडून गेल्यामुळे खाली कोणीच नव्हतं. सरांना फोन केला, त्यांनी औषधं सांगितली, आम्ही दिली आणि ते निघाले.

ते रस्त्यात असतानाच बबनरावांची मान कलली. स्क्रीनवर नुसती थरथर, लहान पोराने पाटीवर रेघोट्या ओढल्यासारखी. त्यात हृदय नुसतं कापत असतं, रक्त पुढे जात नाही. छाती दाबत राहायचं आणि लवकरात लवकर शॉक द्यायचा, दुसरं औषध नाही. जितका उशीर, तितकी आशा कमी.

मी छाती दाबत होते. लीला सिस्टर दोन्ही हातांत शॉकच्या मशीनचे पॅडल घेऊन उभ्या होत्या. कुंदाने सरांना फोन लावला. सर शहाडच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. "थांबा," ते म्हणाले. "पोचलोच मी."

ते पोचले. गाडी रस्त्यातच टाकून धावत आले होते. शॉक दिला, पुन्हा दिला. बबनराव काही परत आले नाहीत. बाहेर त्यांची बायको मंदिरातून आणलेली बेलाची पानं मुठीत घेऊन बसली होती. तिला मीच जाऊन सांगितलं. अजूनही त्या मंदिराकडे गेले की मी दुसऱ्या बाजूने जाते.

लीला सिस्टरनी पॅडल पुसले, जागेवर ठेवले आणि सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. "सर," त्या म्हणाल्या, "हृदय तुमची वाट बघत थांबत नाही."



* * *

दुसऱ्या दिवशी सर सकाळी सकाळी खाली आले आणि आम्हा सगळ्यांना मशीनभोवती उभं केलं. पॅडल कुठे ठेवायचे, किती शॉक लावायचा, कोणती रेघ आली तर द्यायचा आणि कोणत्या रेघेला अजिबात द्यायचा नाही, सगळं शिकवलं. कुंदाकडून तर पुन्हापुन्हा करून घेतलं. बटण दाबायच्या आधी मोठ्याने ओरडायचं, "सगळे लांब! हात लावू नका!" कारण आमच्याकडे नातेवाईक पेशंटचा पाय धरून बसतात.

पण 'नाही'वरून 'हो'वर येताना सर मधल्या स्टेशनवर उतरले. मशीनवर त्यांनी स्वतःचा मोबाइल नंबर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिला. "मी नसलो तर फोन करा. विचारा, 'सर, देऊ का?' माझ्या तोंडून 'हो' आल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

लीला सिस्टर म्हणाल्या, "आणि तुम्ही फोन उचलला नाही तर?"

"मी उचलतो."

"आणि नाहीच उचलला तर?"

"सिस्टर," सर हसले, "ऐसा कभी होगा क्या?"

* * *

सर फोन उचलायचे, हे मान्य केलं पाहिजे. आंघोळीतून उचलला, न्हाव्याच्या खुर्चीतून उचलला. पण सगळ्यात भारी म्हणजे लग्नातून.

अंबरनाथच्या एमआयडीसीतला एक वेल्डर आला होता. येतायेताच कोसळला, स्क्रीनवर तीच थरथर, आमच्या भाषेत व्हीएफ. लीला सिस्टर छाती दाबायला लागल्या, कुंदाने पॅडल उचलले, मी फोन लावला. वाजतोय, वाजतोय... एकदाचा उचलला. मागे बँडचा नुसता कल्लोळ!

"सर, व्हीएफ आहे! देऊ का?"

"क्या?"

"देऊ का?"

"हां, दो! दो! आणि सब लोग दूर हटो! कोई हात मत लगाओ!"

कुंदाने शॉक दिला. वेल्डर कण्हला, हात झटकला आणि आम्हाला एक सणसणीत शिवी दिली. इतकी गोड शिवी मी आयुष्यात ऐकलेली नाही. लीला सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं.

इकडे सर नेमके स्टेजवर, नवरा-नवरीच्या मध्ये फोटोला उभे होते! गावातला मोठा डॉक्टर 'हात लावू नका' म्हणून ओरडल्यावर कोण थांबतंय? पुढे सरांनी स्वतःच तो फोटो आणून दाखवला. मधोमध सर, कानाला फोन, दुसरा हात हवेत. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला नवरी, दोघांचे हात वर. आणि नवरीचा बाप स्टेजच्या पायरीवरून खाली उडी मारताना!

आम्ही तो फोटो हातोहात फिरवला. लीला सिस्टर मात्र हसता हसता थांबल्या. "सर, फोन बराच वेळ वाजत होता," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ त्या वेल्डरचा होता. नियम काढा आता."

"उचलला ना मी?" सर म्हणाले. "फिर?" आणि फोटो खिशात घालून वर गेले. त्यानंतर लीला सिस्टर दर महिन्याला हा विषय काढायच्या आणि सर दर महिन्याला तेच उत्तर द्यायचे.

* * *

आणि मग तो दसरा.

सरांच्या घरात ही पद्धत नव्हती म्हणे. पण अंबरनाथच्या कारखान्यांत दसऱ्याला मशिनं धुऊनपुसून, हार घालून पुजतात, त्या दिवशी त्यांना काम देत नाहीत. सरांना ते फार आवडलं आणि त्यांनी ते हॉस्पिटलात आणलं. दर दसऱ्याला शॉकच्या मशीनला झेंडूचा हार, पॅडलच्या पत्र्यांवर हळदीकुंकू आणि दोन्ही पॅडलना मिळून लाल धागा. संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही!

लीला सिस्टर दरवर्षी चिडायच्या. "आज कोणाचं हृदय बंद पडलं तर त्याला काय सांगू? उद्या या?" पण धागा बांधायचं काम मात्र हट्टाने स्वतःकडे ठेवायच्या आणि सुरगाठ मारायच्या. एक टोक ओढलं की सगळं मोकळं. सरांना हे माहीत नव्हतं.

आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. संध्याकाळी विहारात वंदनेला जायचं म्हणून मी सकाळची ड्युटी घेतली होती, पांढरी साडी पिशवीत घालून आणली होती. कॅज्युअल्टी त्या वेळी रिकामी होती. सरांच्या आई, अम्मा, खुर्ची टाकून बसल्या होत्या. सर नवा कुडता घालून आले. चेहरा मला बरा वाटला नाही. "सर, घाम फार आलाय," मी म्हटलं. "ॲसिडिटी," सर म्हणाले. "सुबह पकवान जास्त झाला."

हार घातला, कुंकू लावलं, धागा बांधून झाला. सरांनी फोडायला नारळ उचलला. हात वर गेला आणि वरच थांबला. आमच्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू काहीतरी विचारायचंय. मग नारळ सुटला आणि पाठोपाठ सर खाली आले.

"सर! सर!" लीला सिस्टरनी हाका मारल्या, मानेला बोटं लावली. नाडी नाही, श्वास नाही. त्या तिथेच फरशीवर गुडघे टेकून छाती दाबायला लागल्या. मी कुडता फाडला, ऑक्सिजनची पिशवी तोंडाला लावली. माझे हात चालू होते आणि मनात एकच, बबनरावांसारखं नको. बबनरावांसारखं होऊ नको देऊ.

"कुंदा! मशीन!"

कुंदा त्या फुलांनी मढवलेल्या मशीनसमोर क्षणभर थबकली. मग धाग्याचं टोक धरून ओढलं. सुरगाठ सुटली, हार तुटला, कॅज्युअल्टीभर झेंडू उधळला. कुंकू पुसायला वेळ कोणाकडे होता? तिने त्यावरच जेल ओतलं आणि पॅडल सरांच्या छातीवर टेकवले. स्क्रीनवर रेघ आली. तीच थरथर.

"व्हीएफ! चार्ज करते!"

मशीन चार्ज होताना एक बारीक सूर लागतो, चढत चढत जातो. लीला सिस्टर छाती दाबतायत, सूर चढतोय आणि आमची कुंदा, सांगितल्यात काना-मात्रेचा फरक न करणारी कुंदा, हातात पॅडल धरून सरांच्या कानाशी वाकली. सगळ्या कॅज्युअल्टीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली,

"सर! मी कुंदा! व्हीएफ आहे! देऊ का?"

लीला सिस्टर छाती दाबतादाबता तिच्याकडे बघतच राहिल्या. मी बघत राहिले. सूर वर जाऊन थांबला, मशीन तयार झालं. कुंदाने मान वर केली आणि घाईघाईने म्हणाली,

"सर 'नको' म्हणाले नाहीत! सगळे लांब!"

अम्मा लेकाचा पाय धरून बसल्या होत्या. कोणी सांगायच्या आत त्यांनी दोन्ही हात वर केले.

शॉक गेला. लीला सिस्टर पुन्हा छातीवर. दाब, दाब, दाब. मग त्यांच्या हाताखाली काहीतरी हललं. सर खोकले. मी मानेला बोटं लावली. होती! नाडी होती! मी रडत होते का हसत होते, मला आजही सांगता येणार नाही.

ॲम्ब्युलन्स करून त्यांना ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी आणि लीला सिस्टर बरोबर गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने चादर बाजूला केली आणि थांबला. छातीवर दोन गोल, लालभडक कुंकवाचे ठसे. एक उजवीकडे वर, एक डावीकडे खाली. अगदी पुस्तकात दाखवतात तिथेच.

"ये पूजा किसने की?" त्याने विचारलं.

"आमच्या कुंदाने," लीला सिस्टर म्हणाल्या.

हृदयाची बंद पडलेली नळी त्याच दिवशी उघडली. काही दिवसांनी सरांना खोलीत हलवलं, तेव्हा आम्ही तिघी भेटायला गेलो. सर उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला, पण डोळे तेच.  कुंदा तर लीला सिस्टरच्या मागे लपायचा प्रयत्न करत होती, जे लीला सिस्टरच्या उंचीमुळे शक्य नव्हतं.

"शॉक किसने दिया?" सरांनी विचारलं.

"मी, सर," कुंदा पुटपुटली. "पण तुम्हाला विचारून दिला."

सर उशीवरून जरा पुढे झाले. "मग? मी काय बोललो?"

"काहीच नाही बोललात, सर."

सरांनी डोळे मिटले.  मग हळूच मान हलवली.

"बरोबर बोललो."